‘मोळ मारला’ हे कुठून आलं

माझा हात रत्नाच्या पोलक्यात होता. तेवढ्यात ती माझ्या कानाशी म्हणाली, “अक्का, चोर म्हण हवं तर. पण बाहेर काढू नको.”

मी बाहेर काढलं.

हातात बाटली येईल असं वाटलं होतं. आला मल्लिगेचा गजरा. घामानं ओला, जरा चेपलेला, केळीच्या पानाचा तुकडा अजून चिकटलेला. आजूबाजूला नव्वद बाया उभ्या होत्या आणि सगळ्या बघत होत्या. एकीनं “अय्यो!” म्हटलं. रत्नानं मान खाली घातली. तिच्या नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

मल्लिगे म्हणजे तुमचा मोगरा. आमच्या म्हैसुरात आम्ही मराठी घरांतही मल्लिगेच म्हणतो. आणि मोळ म्हणजे फूलवाली गजरा मोजते ते माप, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. रत्नाकडे निघाला तो बरोबर एक मोळ होता.

हे मी आज लिहिते आहे ते इथल्या मराठी मंडळाच्या केतकीताईंमुळे. त्या नाशिकच्या, नवरा इथे कंपनीत. दिवाळी अंकासाठी त्यांनी सगळ्यांकडून चोरीचे शब्द गोळा केले. ढापणं, लांबवणं, हात मारणं हे त्यांना ठाऊक होते. गुळुम इथे ऐकला. साहेब लोकांनी पैसे खाल्ले की कन्नडमध्ये गुळुम म्हणतात. पण आमच्या बोळात त्यांना एक शब्द असा सापडला की तो कुठल्याच कोशात मिळेना. चपला गेल्या तर बाया म्हणतात, “कुणीतरी मोळ मारला.” माझा नातू म्हणतो, “आजी, माझा चार्जर कुणी मोळ मारला?” त्याला मराठी धड येत नाही, पण हे येतं.

मंडळातले एक निवृत्त इंजिनियर आहेत. त्यांनी केतकीताईंना पटवून दिलं की फूलवाल्या मोजताना कोपर वाकवतात, गजरा आखूड देतात, म्हणून मोळ म्हणजे चोरी. दुसऱ्या एका बाईंचं म्हणणं पडलं की जंगलातून लाकडाची मोळी चोरून आणायचे, त्यातून आलं. दोघांचा वाद व्हॉट्सॲपवर आठ दिवस चालला. मी वाचत होते आणि हसत होते. शेवटी सुनेला म्हटलं, त्यांना लिही, आमच्या सासूबाईंना माहीत आहे. लगेच केतकीताई घरी आल्या.

“आजी, खरंच? हा शब्द कुठला?”

“आमच्या गेटवरचा. मी तिथेच होते.”

“मग लिहून द्या ना.”

मी चौथी शिकलेली, तीही कन्नड शाळेत. मराठी अक्षरं आईनं घरी शिकवली. पण लिहिते. इंजिनियरसाहेबांचा गैरसमज छापून यायला नको.

आमचे लोक इथे कधीतरी राजाच्या फौजेत आले. घोडे गेले, तलवारी गेल्या, आम्ही राहिलो. माझ्या नवऱ्याच्या आज्याच्या कमरेला तलवार होती म्हणतात. मला बन्नीमंटपच्या बाजूला एका उदबत्तीच्या कारखान्यात गेटवर लाकडी स्टूल मिळालं. काम झडतीचं. सुट्टी झाली की बाया एकेक करून पडद्याआड यायच्या आणि मी त्यांचं अंग, डबा, पिशवी, अंबाडा तपासायची. सत्तावीस वर्षं मी ते केलं. कुणाला आवडायचं नाही. मला कुणी प्रेमानं बोलवावं अशी माझीही अपेक्षा नव्हती.

उदबत्तीत चोरण्यासारखं काय असतं, असं लोक विचारतात. काडी चोरून कुणी श्रीमंत होत नाही. पण चोरायच्या. एक बाई रोज वीस-पंचवीस बांबूच्या काड्या अंबाड्यात खोचून न्यायची. वरून जाळी. मी हात लावला तर माझंच बोट टोचलं. “अक्का, केस घट्ट राहतात,” म्हणाली. दुसरी एक डब्यात चंदनाची पूड न्यायची, वर चिंचेचा भात पसरून. तिला मी म्हटलं, “अगं, पूर्ण डबा तसाच परत? जेवली नाहीस?” ती म्हणाली, “उपास होता.” दर गुरुवारी उपास. मीच एकदा तिच्यासमोर तो भात खाल्ला. खालची चंदनाची पूडही थोडी खाल्ली. दोन दिवस पोट बिघडलं, पण पूड सापडली.

खरी किंमत सेंटाला. काळी कच्ची काडी बायका पाटावर वळतात, ती वाळते, आणि मग ती सेंटात बुडवतात. सगळा वास त्या बुडवण्यात. सेंट-खोलीत मोठे कॅन असत, ते स्वस्तातले. आणि कुलपाच्या कपाटात बोटाएवढ्या उंचीच्या ॲल्युमिनियमच्या बाटल्या, त्यांत खऱ्या फुलांचा अर्क. एक बाटली करायला किती फुलं लागतात ते सेंट-खोलीतले मास्तर सांगायचे आणि आम्ही विश्वास ठेवायचो नाही. एका बाईनं एकदा मोठ्या कॅनमधला सेंट परकरावर ओतून घेतला, घरी जाऊन पिळायचा बेत. गेटपर्यंत येईतो तिच्या मांड्या भाजल्या. तिला मी पकडलं नाही, दवाखान्यात नेलं.

सेंट अंगावर चाचपडून सापडत नाही. तो नाकानंच पकडायचा. पण कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस उदबत्तीसारखाच वास मारतो, त्यामुळे नाक लगेच बधिर होतं. माझ्या पदराच्या टोकाला ताज्या कॉफीपुडीची पुरचुंडी बांधलेली असायची. चार बाया झाल्या की एकदा हुंगायची. नाक पुन्हा कामाला लागायचं. मास्तर म्हणायचे, “सुभद्रक्काचं नाक विकत घेतलं पाहिजे.” मला त्याचा गर्व होता. आता लिहायला हरकत नाही.

कारखान्यात फूल माळून यायला बंदी होती, याच कारणानं. वर्षातून एकच दिवस सूट, आयुधपूजेचा.

म्हैसुरात आयुधपूजा म्हणजे सगळ्या हत्यारांची पूजा. रिक्षावाला रिक्षा धुतो, न्हावी कात्री ठेवतो, माझी सून लॅपटॉपला कुंकू लावते. कारखान्यात सकाळी मशीन पुसायची, फरशी धुवायची, तराजू, चमचे, पाट सगळं देवासमोर मांडायचं. बाया ठेवणीतल्या साड्या नेसून, डोक्यात हातभर फुलं माळून यायच्या. पूजा झाली की गेटवर कोहळा फोडायचा, चुरमुऱ्याचा एकेक पुडा घ्यायचा आणि दुपारच्या आत घरी.

त्या वर्षी शेषप्पा मास्तरांनी, म्हणजे आमचे सेंट मिसळणारे मास्तर, त्यांनी पूजेत आपलं हत्यार म्हणून मल्लिगेच्या अर्काची बाटली ठेवली. नवीकोरी. तिला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. त्यांचं म्हणणं, “माझ्या हाताखाली याच्याइतकं भारी काही नाही. देवाला भारीच दाखवायचं.”

पूजा झाली, आरती झाली. बाया पुड्यांसाठी गेटवर रांगेत उभ्या राहिल्या. मास्तर बाटली उचलून कपाटात ठेवायला गेले तर बाटली नाही. ते माझ्याकडे धावत आले.

“सुभद्रक्का, गेट बंद कर. मल्लिगेची बाटली गेली.”

“कुठल्या बाईनं नेली?”

“तेच तुला विचारतोय.”

मी रांगेकडे पाहिलं. नव्वद बाया आणि प्रत्येकीच्या डोक्यात मल्लिगे. वर्षभरात याच दिवशी माझं नाक निकामी. बाटली नेणाऱ्यानं दिवस बरोबर निवडला, असं मला वाटलं. पडदाही नव्हता. सकाळी धुवायला काढला होता, भिंतीवर वाळत होता. झडती उघड्यावरच घ्यावी लागणार होती. मी म्हटलं, “अंबाडे सोडू नका गं, एकेक जण पुढे या.”

दहा झाल्या, वीस झाल्या. सगळ्यांच्या डोक्यातून वास, तो मोजायचाच नाही असं मी ठरवलं. अंगाला हात लावायचा, पुढे पाठवायचं. मग रत्ना आली.

रत्ना आमच्याच लोकांतली, आमच्याच बोळातली. तिला कामाला मीच लावलं होतं. नवरा गेल्यावर घरात ती आणि सासू. सासू कडक. सकाळी रत्ना निघाली की दारात उभी राहून वरपासून खालपर्यंत बघायची. बांगड्या काचेच्या नकोत, साडी उठावाची नको, फुलाचं नाव नको. “माझ्या घरात राहायचं तर माझ्या घरासारखं राहायचं,” हे वाक्य अख्ख्या बोळाला पाठ होतं. घर सासूच्या नावावर होतं आणि माहेर पिरियापट्टणला, तिथे भाऊ तंबाखूच्या भट्टीवर, त्याचंच त्याला पुरत नव्हतं. घर सुटलं असतं तर रत्नाला दुसरी जागा नव्हती.

त्या दिवशी रत्नाच्या डोक्यात फूल नव्हतं. असणारच नव्हतं. पण ती जवळ आली आणि मला मल्लिगेचा वास आला. डोक्यातून नाही, छातीच्या बाजूनं.

मी कॉफी हुंगली. पुन्हा वास घेतला. तसाच.

माझ्या डोक्यात हिशोब एका क्षणात झाला. बाकी सगळ्यांकडे फूल आहे म्हणून वास आहे. हिच्याकडे फूल नाही आणि वास आहे. मग बाटली हिच्याकडे. इतका सरळ हिशोब की मला दुसरं काही सुचलंच नाही. विधवा बाई पोलक्यात गजरा लपवेल हे डोक्याला सुचलं नाही, पण माझ्या नाकाला कळलं असतं. अर्काचा वास जाड असतो, गुळचट, शिळ्या फुलासारखा. हा वास ताजा होता. ते कळायला हवं होतं. मला बाटली हवी होती म्हणून मला बाटलीचाच वास आला.

तिनं कानात सांगितलं तेही मी ऐकलं नाही. चोर लोक काहीही सांगतात, हे माझं गेटवरचं शिक्षण.

गजरा बाहेर आला. पण त्यानं ती सुटली नाही. शेषप्पा मास्तर शहाणे माणूस, ते म्हणाले, “हुशार आहे. अर्काचा वास झाकायला फुलं लपवली. बाटली पुढे कुणाला तरी दिली असेल.” आणि हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं असतं, पण रत्नाचं ते वाक्य आता कुठे माझ्या डोक्यात शिरत होतं. चोर म्हण हवं तर. चोर असलेली बाई असं म्हणत नाही.

तिला ऑफिसात नेऊन बाकावर बसवलं. मालक टेबलामागे. कोपऱ्यात पंख्याखाली मालकांच्या आई, त्यांना सगळे दोड्डम्मा म्हणायचे, कॉफी पीत बसलेल्या. ऐंशीच्या पुढे वय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पायाशी पूजेची कापडी पिशवी. रत्ना मांडीवर तो गजरा घेऊन बसली. टाकूनही देत नव्हती.

मालक म्हणाले, “स्टेशनला फोन करतो. दसऱ्याच्या बंदोबस्तात ते येतील तेव्हा येतील. तोवर ही इथेच.”

रत्ना माझ्याकडे बघत होती. राग नव्हता. ती वेळ मोजत होती. उशीर झाला की सासू चालत गेटपर्यंत येणार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मी म्हटलं, “मालक, फोन जरा थांबवा. मला एकदा पूजेच्या जागी जाऊन येऊ द्या.”

“तिथे काय आहे आता?”

“बाटली शेवटची तिथे होती.”

मास्तर म्हणाले, “मी सगळं उलथून पाहिलं.”

“तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत.”

हॉलमध्ये कुणी नव्हतं. मशीनना झेंडूच्या माळा, फरशीवर रांगोळी, देवाच्या फोटोसमोर उदबत्त्यांचा अख्खा जुडगा जळत होता. मी आधी तो विझवला, पाण्यात बुडवला. खिडक्या उघडल्या. पदर नाकाशी धरून कॉफी हुंगली. थांबले. मग श्वास घेतला.

वास होता. जाड, गुळचट, थोडा करपलेला. मल्लिगेच, पण जणू कुणी पाकात घालून जाळलेली. मी पाटांजवळ गेले, कमी झाला. तराजूजवळ गेले, कमी झाला. फोटोजवळ गेले, वाढला. तिथे पितळेची समई जळत होती. ज्योत नेहमीपेक्षा मोठी आणि तिच्यातून धूर निघत होता.

मी समईत बोट बुडवलं, मनगटावर लावलं आणि तशीच ऑफिसात गेले. मनगट मास्तरांच्या नाकाखाली धरलं.

मास्तर उभेच राहिले. “हेच! कुठे मिळालं?”

“समईत.”

“समईत?”

“समई त्याच्यावर जळतेय.”

कुणालाच काही कळेना. मग कोपऱ्यातून दोड्डम्मा कन्नडमध्ये म्हणाल्या, “समईतलं एण्णे संपत आलं होतं. समोर बाटली होती, कुंकू लावलेली. मी घातलं. का रे, भर पूजेत दिवा विझू द्यायचा होता?” एण्णे म्हणजे तेल. त्यांना ते एरंडेल वाटलं होतं. घट्ट, पिवळट, त्यांच्या डोळ्यांना काय फरक?

मालक म्हणाले, “अम्मा, आणि बाटली?”

“धुवून पिशवीत ठेवली. चांगली बाटली आहे, टाकायची कशाला?”

पिशवीतून बाटली निघाली. चकचकीत धुतलेली. शेषप्पा मास्तर खाली बसले. मालक छताकडे बघायला लागले. बोलणार काय? आई होती आणि देवाला घातलं होतं.

पहिली हसली ती रत्ना. तिला हसू आवरेना. तोंडाला पदर लावला तरी खांदे हलत होते. मग मीही हसले. मग मालक. मास्तर शेवटपर्यंत हसले नाहीत, त्यांना बिचाऱ्यांना तो अर्क दिव्यात थेंबाथेंबानं जळताना दिसत असणार. ते उठून समई विझवायला निघाले तर दोड्डम्मा ओरडल्या, “खबरदार! नवमीचा दिवा आहे.” तो दिवा संध्याकाळपर्यंत जळला. त्या कारखान्यात इतका महाग दिवा पुन्हा लागला नाही.

मग दोड्डम्मांनी विचारलं, “या मुलीला इथे का बसवलंय?”

त्यांनी डोळे बारीक करून रत्नाच्या मांडीकडे पाहिलं. “कुणाची फुलं?”

रत्ना म्हणाली, “माझी, अम्मा. मार्केटातून विकत घेतलीत.”

दोड्डम्माही विधवाच. चाळीस वर्षं झाली असतील. “मार्केटात हल्ली दोरा जास्त आणि फूल कमी असतं,” म्हणाल्या. “बघून घेत जा.” एवढंच.

मालकांनी आम्हाला बजावलं, आईचं नाव बाहेर जाता कामा नये. त्यावर मला काही बोलायचं नव्हतं, नोकरी त्यांची होती. ते रत्नाला म्हणाले, “बाहेर सांगतो, चूक झाली, चोरी झालीच नव्हती.”

रत्ना म्हणाली, “नको.”

“का?”

“चोरी झाली नाही म्हटलं की लोक विचारणार, मग पोलक्यातून काय काढलं? चोरी केली, सोडून दिलं, असंच राहू द्या.”

मालकांना कळलं नाही. मला कळलं. ज्या घरात ती राहत होती तिथे चोर सून चालली असती, फूल माळणारी चालली नसती.

आम्ही दोघी गेटवर आलो. बाया तशाच थांबल्या होत्या. पुडे फोडून चुरमुरे खात होत्या, एकही घरी गेली नव्हती. त्यांच्यात वल्ली म्हणून एक होती, पाटावर सगळ्यांत जलद हात आणि तोंड त्याहून जलद. तिनं विचारलं, “काय झालं गं?”

रत्ना म्हणाली, “चोरी पकडली. सोडून दिली. माझी सासू आली, विचारलं, तर तुम्ही सगळ्यांनी एवढंच सांगायचं. रत्नानं चोरी केली.”

सगळ्यांनी गजरा पाहिला होता. एक शब्द कुठून सुटला असता तर संपलं असतं.

वल्लीनं चुरमुरे चावता चावता विचारलं, “आणि काय चोरलंस म्हणून सांगायचं?”

रत्ना म्हणाली, “मोळ.”

आधी वल्ली हसली, मग सगळ्या. नव्वद बाया गेटवर उभ्या राहून अशा हसल्या की रस्त्यावरचे लोक थांबले. तिथे तो शब्द झाला. इंजिनियरसाहेबांनी लिहून घ्यावं.

सासू आलीच. पण त्या दिवशी नाही, दसरा झाल्यावर कारखाना उघडला त्या सकाळी. काहीतरी उडत उडत कानावर गेलं असणार. गेटवर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“सुभद्रे, माझ्या सुनेनं चोरी केली म्हणे?”

मी खोटं बोलायला तयारच होते, पण मागून वल्लीनं होकार भरला, “हौदु, आज्जी. मोळ मारला तिनं.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे चोरी. आमच्याकडे त्याला असंच म्हणतात.”

“काय चोरलं?”

“काड्या,” दुसरी म्हणाली. “पूड,” तिसरी म्हणाली. दोन्ही एकदम.

सासूनं दोघींकडे पाहिलं. मग मला विचारलं, “पकडली कुणी?”

“मी.”

“तुझ्या हाती लागली? इतकी कशी गं ती बावळट?” आणि निघून गेली. घरी जाऊन रत्नाला दोन तास बोलली. चोरी केली म्हणून नाही, पकडली गेली म्हणून. आपल्या तरुणपणी आपण कुणाच्या बागेतून काय काय आणलं होतं तेही सांगितलं म्हणे.

त्यानंतर कारखान्यात चोरीला दुसरा शब्द राहिलाच नाही. पेन गेलं, मोळ मारला. डब्यातलं लोणचं गेलं, मोळ मारला. मालकांनी एकदा पगारातून काही कापलं तेव्हा वल्ली त्यांच्या तोंडावर म्हणाली, “मोळ मारला का, यजमान?” शब्द कुठून आला ते माहीत असूनही ते लाल झाले. नवीन पोरी यायच्या, शब्द उचलायच्या, कुठून आला ते कुणी सांगायचं नाही. बाया लग्न होऊन गेल्या, दुसऱ्या कामांना लागल्या, शब्द बरोबर नेला. गोकुलममध्ये योगवाल्या परदेशी लोकांकडे घरकाम करणारी एक होती, तिच्याकडून एका गोऱ्या बाईनंही शिकला. तिची सायकल गेली तेव्हा ती पोलीस स्टेशनात तो शब्द वापरून आली.

जो शब्द आता चोरीसाठी चालतो, त्यातला गजरा पैसे देऊन घेतलेला होता. चोरी तिथे झालीच नव्हती. झडतीच्या नोकरीत मी पुष्कळ खऱ्या चोऱ्या पकडल्या. त्यांतल्या एकीचीही कुणाला आठवण नाही.

रत्नानं मला दूषण दिलं नाही. पण वर्षभर ती मला झडती घेऊ देत नव्हती. रांगेत आली की स्वतःच पदर झटकून दाखवायची आणि पुढे जायची. मी जाऊ द्यायची. कधीकधी वास यायचा, कधी नाही. मी कॉफी हुंगायची नाही.

सासू पुढे बारा-चौदा वर्षं जगली. रत्नानं तिचं सगळं केलं. तेरावं झालं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रत्ना गेटवर आली ती डोक्यात दीड मोळ मल्लिगे माळून. बंदी होती तरी. मी म्हटलं, “अगं, नियम आहे.” ती म्हणाली, “आजच्या दिवस लिहून घे माझं नाव.” मी लिहिलं नाही.

हे छापायचं ठरलं तेव्हा मी तिला विचारायला गेले. ती अजून त्याच घरात राहते. घर आता तिच्या नावावर आहे. दारात बसून भाजी निवडत होती, डोक्यात फूल.

“रत्ने, तुझं लिहू का?”

“कुठे?”

“मंडळाच्या अंकात. नव्या लोकांच्या.”

“नाव घालणार?”

“तू म्हणशील तर नाही.”

“घाल की. आता कोण मला घराबाहेर काढणार आहे?” मग म्हणाली, “पण एक लिही. विकत घेतला होता म्हणून. लोक अजून मला चोर समजतात, मला चालतं, पण फूलवालीला बरं वाटेल.”

मग तिनं डोक्यातलं फूल काढून माझ्या नाकाशी धरलं. मागच्या साथीत मला ताप आला होता, तेव्हापासून माझं नाक गेलं आहे. कॉफीचाही वास येत नाही, उदबत्तीचाही नाही.

“येतो का?”

“नाही.”

“अय्यो,” रत्ना म्हणाली, “हे आधी झालं असतं तर?”

आणि दोघी हसलो. तिच्या घरची कॉफी गरम होती, एवढं कळलं.

कारखाना बंद झाला, तिथे आता घरं झाली आहेत. दोड्डम्मा गेल्या, मालक गेले, शेषप्पा मास्तर गेले. वल्ली मागच्या उन्हाळ्यात गेली. त्या दिवशी ऑफिसात होतो त्यांतली रत्ना आहे आणि मी आहे.